संध्याकाळी उघडे राहणारे क्रीडागृह आणि डर्क नोविट्स्की

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर डर्क नोविट्स्की या जर्मन बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीवर अलीकडेच लेख प्रसिद्ध झाला. क्रिकेटचा हंगाम ऐन भरात असताना खानदेशातील एका मराठी दैनिकाने बास्केटबॉलला अर्धे पान द्यावे, ही गोष्ट आम्हा क्रीडाशिक्षकांना सुखावणारी आहे आणि त्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. लेखातील आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखाच्या सुराविषयी. सात फूट उंचीचा एक मुलगा जन्माला आला, अमेरिकेने त्याला हेरले आणि त्याचे नशीब फळफळले, एवढेच त्यातून वाचकाच्या हाती लागते; आणि अमळनेर, शिरपूर किंवा शहाद्याचा पालक असा लेख वाचून वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतो, कारण आपल्या घरात सात फुटी मुलगा नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. नोविट्स्कीच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा भाग अमेरिकेत घडलाच नाही. तो जर्मनीतल्या एका मध्यम शहरात आणि त्याहून लहान अशा एका गावात, त्याच्या वयाला वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत घडला, आणि नेमक्या त्याच भागाला लेखात दोन ओळी मिळाल्या.

नोविट्स्कीचा जन्म 19 जून 1978 रोजी बव्हेरियातील वुर्ट्सबुर्ग येथे झाला. वडील हँडबॉल खेळत, आई हेल्गा पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय महिला बास्केटबॉल संघातून खेळलेली, थोरली बहीणही खेळाडू. घरात खेळाचे वातावरण असले तरी हा मुलगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळत होता. बास्केटबॉलकडे तो त्या मानाने उशिरा वळला. सोळाव्या वर्षी तो डीजेके वुर्ट्सबुर्ग या स्थानिक क्लबच्या मुख्य संघात आला, तेव्हा हा संघ जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. पहिल्या हंगामात त्याला बरेचदा बाकावर बसून राहावे लागले, शिवाय शाळेत गुण इतके घसरले की सराव बाजूला ठेवून अभ्यासाला बसण्याची वेळ आली. पुढच्या दोन्ही हंगामांत संघ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा वरच्या श्रेणीतील बढती हुकली. म्हणजे ज्याला आज आपण दैवी देणगीचा खेळाडू म्हणतो, तो मिसरूड फुटण्याच्या वयात दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता आणि घरचे त्याला दहावी-बारावीच्या मुलासारखेच अभ्यासाला बसवत होते. आमच्या भागातले पालक "खेयीसन पोट भरी का, मास्तर?" (खेळून पोट भरेल का?) असे तोंडावर विचारतात आणि त्यांचे काही चुकत नाही, पण नोविट्स्कीच्या घरच्यांनी अभ्यास की खेळ असा सौदा मांडला नाही, दोन्हींसाठी वेळ काढला. 1997 मध्ये त्याने शालान्त परीक्षा पूर्ण केली आणि नंतर त्या वेळी जर्मनीत सक्तीची असलेली लष्करी सेवाही बजावली.

या सगळ्या काळात त्याच्यामागे एक माणूस उभा होता, तो म्हणजे हॉल्गर गेश्विन्डनर. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधारपद भूषवलेले, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले हे गृहस्थ. श्वाइनफुर्ट येथील एका सामन्यात त्यांनी या उंच, हडकुळ्या मुलाला पाहिले आणि आपण त्याला स्वतंत्रपणे शिकवू असा प्रस्ताव मांडला. सरावाची जागा होती बाम्बेर्गजवळच्या राटेल्सडॉर्फ नावाच्या लहान गावातील साधे क्रीडागृह. त्यांच्या पद्धतीकडे तेव्हा अनेकांनी भुवया उंचावून पाहिले, कारण त्यात वजने उचलणे नव्हते, डावपेचांची घोकंपट्टीही नव्हती; भर होता तो चेंडू रिंगमध्ये टाकण्याच्या नेमबाजीवर आणि पास देण्यावर. जोडीला तलवारबाजी आणि नौकानयनही होते. मुलाने एखादे वाद्य शिकावे, चांगली पुस्तके वाचावीत असाही त्यांचा आग्रह असे. आमच्या एखाद्या मुख्याध्यापकांना हे ऐकवले तर ते हसतील. मला मात्र हा भाग वाचताना आपल्याकडच्या जुन्या तालमीतल्या वस्तादांची आठवण झाली, जे पोराला नुसते डाव शिकवत नसत, त्याचे खाणे, झोपणे आणि वागणेही आपल्या नजरेखाली ठेवत.

नेमबाजीचा त्यांचा विचार थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 10 फूट उंचीवर असते, तिचा व्यास सुमारे 45 सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा व्यास साधारण 24 सेंटिमीटर. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला रिंगचे सबंध तोंड उपलब्ध असते, पण तो जितका सपाट येईल तितके ते तोंड त्याच्या दृष्टीने अरुंद होत जाते, आणि सुमारे 32 अंशांपेक्षा कमी कोनातून आलेला चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. नववीच्या भूमितीत बसणारे हे गणित आहे. हात थोडासा चुकला तरी चेंडू आत जाईल असा कोन कोणता, तो साधण्यासाठी कोपर, मनगट आणि बोटे कुठे असावीत, गुडघा किती वाकावा, हे गेश्विन्डनर यांनी या मुलाच्या उंचीचा आणि हाताच्या लांबीचा हिशेब करून ठरवले आणि मग त्याच्याकडून ते वर्षानुवर्षे गिरवून घेतले. पुढे जगभर ओळखला गेलेला त्याचा फटका, डाव्या पायावर उडी घेऊन, उजवा गुडघा वर उचलून, मागे झुकत चेंडू सोडण्याचा, बचावपटूला अडवणे जवळपास अशक्य होऊन बसले, याचे कारण नुसती उंची नव्हे. सात फुटी खेळाडू एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, नेहमीच असतात. त्यांतले बहुतेक रिंगखाली उभे राहून चेंडू आत ढकलण्यासाठी ठेवलेले असत. इतक्या उंच माणसाने वीस-पंचवीस फुटांवरून सफाईने नेम साधावा, ही गोष्ट तेव्हा नवी होती आणि ती निसर्गाने दिलेली नव्हती.

मार्च 1998 मध्ये सॅन अँटोनियो येथे अमेरिकेच्या निवडक कुमार खेळाडूंविरुद्ध जगातील निवडक कुमारांचा सामना झाला आणि त्यात या अनोळखी जर्मन मुलाने 33 गुण आणि 14 रिबाउंड (नेम हुकल्यावर उसळून आलेला चेंडू पकडणे) नोंदवले, तेव्हा अमेरिकेला त्याचे नाव कळले. त्याच वर्षी वुर्ट्सबुर्गच्या संघाला अखेर बढतीही मिळाली. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नव्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात त्या वार्षिक प्रक्रियेत, मिलवॉकी बक्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले आणि लगेच डॅलस मॅव्हेरिक्सच्या हवाली केले. डॅलसने या अदलाबदलीत दिलेला रॉबर्ट ट्रेलर हा त्या वेळी अमेरिकन प्रेक्षकांना अधिक ओळखीचा होता, त्यामुळे डॅलसच्या प्रशिक्षकांवर टीकेची झोड उठली. पहिल्या हंगामाने टीकाकारांना खाद्यच पुरवले. मालक-खेळाडूंच्या वादामुळे तो हंगाम 50 सामन्यांचाच झाला, आणि त्यात नोविट्स्कीची सरासरी होती सामन्यामागे 8.2 गुण. परत घरी जावे असा विचार त्याच्या मनात तेव्हा येऊन गेला. आपल्याकडच्या एखाद्या निवड समितीसमोर असा खेळाडू असता तर दुसऱ्या वर्षी त्याचे नाव यादीत दिसले नसते. डॅलसने त्याला खेळवत ठेवले. दुसऱ्या हंगामात सरासरी 17.5 वर गेली, तिसऱ्यात 21.8 वर, आणि एकूण 21 हंगाम तो त्याच एका संघाकडून खेळला. एनबीएमध्ये एकाच संघासाठी इतके हंगाम त्याच्याआधी कोणी खेळले नव्हते. कोबी ब्रायंट लॉस एंजेलिससाठी 20 हंगाम खेळला होता.

मधल्या वर्षांतील सन्मानांची यादी आपल्या लेखात आली आहेच. लेखातून निसटली ती अपयशे, आणि ती साधीसुधी नव्हती. 2006 च्या एनबीएच्या अंतिम मालिकेत डॅलस मायामी हीटविरुद्ध 2-0 ने पुढे होता. तिसऱ्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी डॅलस दोन गुणांनी मागे असताना नोविट्स्कीला दोन फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारे, कोणी न अडवता टाकायचे फटके) मिळाले. पहिला आत गेला, दुसरा हुकला, सामना 98-96 असा गेला आणि पाठोपाठ मालिकाही 4-2 ने गेली. पुढच्या हंगामात डॅलसने 67 सामने जिंकले, नोविट्स्की एनबीएचा त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय. पण त्या पुरस्काराची घोषणा झाली तेव्हा त्याचा संघ आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून पहिल्याच फेरीत गारद झालेला होता. स्वतःच्या पराभवाची चर्चा चालू असताना हसतमुखाने ट्रॉफी उचलण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये. त्या उन्हाळ्यात तो गेश्विन्डनर यांच्यासोबत ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात भटकायला निघून गेला. बड्या खेळाडूभोवती सल्लागारांचे कोंडाळे असते, याच्याबरोबर मात्र राटेल्सडॉर्फचे तेच मास्तर होते. दरवर्षी हंगाम संपला की तो घरी परते आणि त्याच क्रीडागृहात त्यांच्याबरोबर फटका पुन्हा पहिल्यापासून घोटून काढे.

त्याचे फळ 2011 मध्ये दिसले. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने 48 गुण केले आणि त्यात फ्री थ्रो होते 24 पैकी 24. ज्याचा एक फ्री थ्रो पाच वर्षांपूर्वी हुकला होता त्याने हे करून दाखवले, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. अंतिम फेरीत पुन्हा मायामी समोर, आणि आता त्यांच्याकडे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश हे त्रिकूट. पहिल्या सामन्यात नोविट्स्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात सात-एक मिनिटे उरली असताना डॅलस 15 गुणांनी मागे होता. तिथून त्यांनी सामना 95-93 असा खेचला, संघाचे शेवटचे नऊ गुण त्याचे आणि निर्णायक बास्केट त्याच दुखऱ्या डाव्या हाताने. चौथ्या सामन्यात तो अंगात ताप असताना उतरला आणि डॅलसने तीन गुणांनी विजय मिळवला. सहाव्या, निर्णायक सामन्याच्या पहिल्या अर्ध्या वेळात मात्र त्याचे 12 पैकी 11 फटके वाया गेले. सहकारी जेसन टेरी याने त्या वेळी डाव सावरून धरला. नोविट्स्कीने फटके मारणे थांबवले नाही आणि उत्तरार्धात 18 गुण करून सामना संपवला. 12 जून 2011 च्या त्या रात्री शिटी वाजताच तो सहकाऱ्यांना मिठ्या मारायला न थांबता तडक ड्रेसिंग रूमकडे निघून गेला, कारण त्याला रडू आवरत नव्हते. बारापैकी अकरा चुकल्यावर तेरावा त्याच कोनातून, त्याच मनगटाने सोडण्याची हिंमत कुठून येते, हे ज्यांनी मुलांना शिकवले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

पैशाच्या बाबतीत एवढेच नमूद करतो की 2014 मध्ये इतर संघांकडून सुमारे 9.7 कोटी डॉलरचे प्रस्ताव असताना तो डॅलसशी तीन वर्षांसाठी 2.5 कोटी डॉलरवर राजी झाला. अडीच कोटी डॉलर म्हणजे काही त्याग नव्हे, हेही खरे. 31,560 गुणांसह त्याने एप्रिल 2019 मध्ये निवृत्ती घेतली, त्या वेळी एनबीएच्या सर्वाधिक गुणांच्या सार्वकालिक यादीत तो सहावा होता. 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मान-यादीत, त्याचा समावेश झाला.

देशासाठीची त्याची कामगिरी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने लिहितो. एनबीएचा लांबलचक हंगाम आटोपल्यावर अनेक बडे खेळाडू राष्ट्रीय संघाला नम्र नकार कळवतात. नोविट्स्की अनेक उन्हाळे जर्मनीसाठी खेळत राहिला. 2002 च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीला कांस्यपदक मिळाले, 2005 च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य, आणि दोन्ही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. 2008 मध्ये पात्रता फेरीतून संघ बीजिंग ऑलिम्पिकला पोहोचला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि उद्घाटन सोहळ्यात जर्मनीचा ध्वज त्याच्या हाती होता. 2015 मध्ये बर्लिन येथे स्पेनविरुद्ध तो देशासाठी शेवटचा खेळला. अखेरच्या क्षणी जर्मनी तीन गुणांनी मागे असताना डेनिस श्रोडर या तरुण खेळाडूला तीन फ्री थ्रो मिळाले, त्यांतला एक हुकला आणि सामना 77-76 असा गेला. या श्रोडरला प्रशिक्षकाने ब्राउनश्वाइगमधल्या एका बागेत स्केटबोर्ड खेळताना पाहिले होते, तोही गावच्या क्लबमधूनच वर आलेला. 2023 मध्ये मनिला येथे त्याच्या नेतृत्वाखाली जर्मनीने उपांत्य सामन्यात अमेरिकेला 113-111 आणि अंतिम सामन्यात सर्बियाला 83-77 असे हरवून प्रथमच विश्वविजेतेपद मिळवले, आणि 2025 मध्ये युरोपीय विजेतेपदही. नोविट्स्की तेव्हा मैदानावर नव्हता. म्हणजे एक सात फुटी माणूस निवृत्त झाला म्हणून जर्मन बास्केटबॉल बसले नाही, उलट उभे राहिले.

याचे कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. जर्मनीत खेळ हा प्रामुख्याने गावोगावच्या नोंदणीकृत क्लबांमधून चालतो. नगरपालिकेचे किंवा शाळेचे क्रीडागृह दिवसा शाळेची मुले वापरतात आणि संध्याकाळी तेच क्रीडागृह क्लबच्या ताब्यात जाते. लहान मुले, कुमार, नोकरदार, आजोबांच्या वयाचे गृहस्थ, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. वर्गणी माफक असते आणि बरेच प्रशिक्षक हौसेने किंवा किरकोळ मानधनावर शिकवतात. मुलगा दहावीत गेला म्हणून खेळ सुटत नाही, आणि दुसऱ्या श्रेणीचा संघही गावाचा संघ म्हणून पाहिला जातो.

आता आपल्याकडे पाहू. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बास्केटबॉलची कोर्टे अगदीच नाहीत असे नाही. तालुक्याच्या बऱ्याच जुन्या शाळांच्या आवारात एक तरी सिमेंटचे कोर्ट आहे. त्याची अवस्था अशी असते की पोरे लोंबकळून रिंग पुढे वाकलेली, जाळी केव्हाच गेलेली, पावसाने फुगून प्लायवूडच्या बोर्डाचे पापुद्रे निघालेले, फ्री थ्रोची रेषा आता कोणालाच दिसत नाही, आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे खांब रोवण्यासाठी पाडलेली भोके कोर्टातच. शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जात असताना दुपारी त्या सिमेंटवर पाय ठेवता येत नाही, खेळता येण्यासारखा वेळ असतो तो संध्याकाळचा, आणि नेमका त्याच वेळी खेळाची जागा बंद असते. ज्यांना खेळायचेच असते ती पोरे भिंतीवरून उड्या मारून आत जातात आणि पहारेकऱ्याच्या शिव्या खातात. शासकीय शालेय स्पर्धांचे पत्रक आले की आठवडाभर आधी वर्गातली उंच मुले गोळा करून संघ उभा केला जातो, तालुका किंवा जिल्हा पातळी गाठली की क्रीडा सवलतीच्या गुणांचे कागद भरले जातात, आणि दहावीचा निकाल लागला की चेंडू पुन्हा कपाटात जातो. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. कित्येक शाळांत क्रीडाशिक्षकाचे पद रिकामे आहे आणि जिथे ते भरलेले आहे तिथे निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे त्याच्याच गळ्यात असतात.

प्रतिभेचा दुष्काळ आहे असेही नव्हे. पंजाबातील बल्लोके या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेला, भारतात जन्मून तिथवर पोहोचलेला तो पहिला, आणि निवडणारा संघ होता नोविट्स्कीचाच डॅलस. सतनामची उंची नोविट्स्कीपेक्षा किंचित जास्तच. पण किशोरवयातच तो अमेरिकेतील अकादमीत गेला, आणि एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. दोन माणसांच्या आयुष्यांची तुलना करून निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु उंचीनेच सर्व काही होते या आपल्या लेखातील समजाला याहून बोलके उत्तर मला सापडले नाही. नोविट्स्कीला घरच्या मैदानावर, घरच्या माणसांत, चुका करत मोठे व्हायला वीस वर्षे मिळाली. सतनामच्या आसपास तशी लीग, तसा क्लब आणि तसे सामने नव्हते.

यासाठी नवे कोट्यवधींचे क्रीडा संकुल मागण्याची माझी इच्छा नाही. संकुलाच्या कोनशिला आपल्या भागात बऱ्याच आहेत. मागणी साधी आहे. ज्या शाळांकडे कोर्ट आहे त्यांनी ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत गावातील मुला-मुलींसाठी उघडे ठेवावे, दोन-चार एलईडी दिवे आणि पहारेकऱ्याचा वाढीव पगार यांचा भार माजी विद्यार्थी संघ व नगरपालिका यांनी वाटून घ्यावा, आणि मुलींसाठी वेगळी, सुरक्षित वेळ राखावी. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात खेळाच्या कोट्यातून नोकरी म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगावे लागत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. तेव्हा पोट भरण्याचा प्रश्नही अगदीच अनुत्तरित नाही. शिकवणारी माणसेही आहेत. विद्यापीठाकडून खेळून आलेले, बँकेत, महावितरणमध्ये किंवा एसटीत नोकरीला लागलेले तरुण प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांना कोणी बोलावले नाही एवढेच.

आपल्याला विनंती अशी की येत्या शालेय स्पर्धांच्या वेळी केवळ विजयी संघाचे छायाचित्र न छापता तिन्ही जिल्ह्यांतील बास्केटबॉल सामन्यांचे गुणफलक खेळाडूंच्या नावांसह द्यावेत, आणि आपल्या तालुका वार्ताहरांकडून कोणत्या शाळेचे कोर्ट संध्याकाळी उघडे असते व कोणत्या शाळेचे बंद, याची एक यादी करून घेऊन ती प्रसिद्ध करावी. यादी छापून येणार हे कळले तरी काही कुलपे आधीच निघतील, असा माझा अंदाज आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त क्रीडाशिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)